दोन पत्र्यांतलं इंजिन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक टेबल आहे. गेली दोन वर्षं त्या टेबलावर चहाचा कप ठेवायला सगळ्यांना बंदी होती. बंदी मीच घातली होती आणि ती मोडल्याबद्दल सर्वांत जास्त बोलणी मीच खाल्ली, हा भाग वेगळा. त्या टेबलावर एक रेल्वे इंजिन तयार होत होतं. खरं इंजिन सतरा मीटर बारा सेंटिमीटर लांब आणि एकशे बारा टनांहून जड. माझं जेमतेम एक वीत. बरोबर सांगायचं तर १९.७ सेंटिमीटर. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. आज त्या इंजिनाची हकिगत सांगणार आहे.

मी आयटीआयमध्ये पत्रेकाम शिकवत असे. तीस वर्षं मुलांकडून नरसाळी, डबे, पेट्या, बादल्या करून घेतल्या. त्यामुळे पत्रा कुठे वळतो आणि कुठे रुसतो हे आपल्याला पुरतं कळतं, असा माझा समज होता. तो किती दिवस टिकला ते पुढे येईलच.

आमचं घर रत्नागिरीत कुवारबावला, स्टेशनपासून फार लांब नाही. एकाच आवारात दोन घरं. एकात आम्ही, दुसऱ्यात माझा थोरला भाऊ आणि वहिनी. दादा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. कल्याणला नोकरीला लागला, धुराच्या इंजिनांचे शेवटचे दिवस पाहिले, मग डिझेलवर आला. कोकण रेल्वे झाली तेव्हा बदली मागून घराकडे आला आणि २००६ साली इथूनच निवृत्त झाला. २०२३ च्या पावसाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्हीवर परिणाम झाला. समजतं सगळं, पण शब्द ओठांवर येत नाही. आला तर एखादाच येतो, तोही वाट पाहायला लावून.

त्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला. त्याने माझ्या हातात एक चपटं पाकीट ठेवलं.

“काका, तुमच्यासाठी. डब्ल्यूडीएम-२ आहे. बाबांचं इंजिन.”

पाकिटात दोन पत्रे होते. मासिकाच्या पानाएवढे, पोस्टकार्डाइतके जाड. शिवाय थोडी तार, बारीक चाकं आणि छापील सूचनांचे काही कागद. मी पत्रा उजेडात धरला. दारात रांगोळी घालायला पत्र्याचे छापे मिळतात ना, तसा दिसत होता. सगळीकडे बारीक जाळी. नीट पाहिलं तेव्हा त्या जाळीत दारं दिसली, खिडक्या दिसल्या, हवेच्या झडपा, पायऱ्या, छत, सगळं सपाट पडलेलं आणि कडेच्या चौकटीला केसाएवढ्या दांड्यांनी अडकवलेलं.

मी म्हटलं, “अरे, यात इंजिन कुठे आहे?”

तो म्हणाला, “आहे, पण झोपलंय. तुम्ही उभं करायचं.”

हा पत्रा कसा करतात ते थोडक्यात सांगतो. त्यात कात्री नाही, ठसा नाही, करवत नाही. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाने बदलणारा एक लेप देतात. काँप्युटरवर काढलेलं चित्र फिल्मवर उतरवून त्यावर ठेवतात आणि प्रखर प्रकाश टाकतात. मग लेप धुतला की हवा तिथे तो राहतो आणि नको तिथे निघून जातो. उघडा पडलेला धातू फेरिक क्लोराइडच्या फवाऱ्याखाली विरघळतो. दोन्ही बाजूंनी उघडा असेल तिथे आरपार भोक पडतं. एकाच बाजूने उघडा असेल तर निम्मी जाडी खाल्ली जाते आणि निम्मी उरते. घडी कुठे घालायची त्या रेघा अशाच निम्म्या खाल्लेल्या असतात. रेडिओच्या सर्किटची तांब्याची पट्टी याच तऱ्हेने होते. जुन्या वर्तमानपत्रांतले फोटो ज्या जस्ताच्या ठोकळ्यांवरून छापले जात, तेही याच कुळातले. फक्त तिथे नायट्रिक ॲसिड असे. खिळे जुळवण्याचा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांना तो ब्लॉकमेकर आठवत असेल.

माझे पत्रे जर्मन सिल्व्हरचे होते. नावात चांदी, अंगात तिचा कणही नाही. तांबं, निकेल आणि जस्त एवढंच. पण या कामाला पितळेपेक्षा सोयीचं. पितळ उष्णता भराभर पसरवतं, तुम्ही एका टोकाला डाग द्यायला जावं आणि दुसऱ्या टोकाचा सुटावा. जर्मन सिल्व्हर उष्णता जागच्या जागी धरून ठेवतं.

आता तुम्ही म्हणाल, आयते कापलेले भाग जोडायचे, त्यात काय मोठंसं? पहिल्या दिवशी मीही हेच म्हटलं. तेव्हा पुतण्याने मला या इंजिनाचीच गोष्ट सांगितली, आणि ती मला आजवर माहीत नव्हती.

डब्ल्यूडीएम-२ हे नाव म्हणजे एक सांकेतिक खूण आहे. डब्ल्यू म्हणजे रुंद मापाचा रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. सोळा सिलिंडर, सव्वीसशे अश्वशक्ती. याचा आराखडा अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून तयार होऊन आली. मग वाराणसीला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि १९६४ मध्ये तिथून इंजिनं बाहेर पडू लागली. पण सुरुवातीची बारा इंजिनं अमेरिकेहून सुट्या भागांच्या स्वरूपात आली होती. आपल्या लोकांनी ती इथे जोडली. म्हणजे किटच! पुढे एकेक भाग इथे होऊ लागला. अल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, आणि तिच्या आराखड्याची इंजिनं वाराणसीत त्यानंतरही कितीतरी वर्षं होत राहिली. या एकट्या जातीची अडीच हजारांहून जास्त झाली.

“काका, देशसुद्धा आधी जोडायलाच शिकला,” पुतण्या म्हणाला. मी गप्प बसलो आणि चष्मा पुसला.

कामाला सुरुवात केली आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाने मला दगा दिला. घडीची निम्मी खाल्लेली रेघ नेहमी घडीच्या आत ठेवायची, असा या कामातला नियम आहे. सूचनांच्या पहिल्याच पानावर तो छापलेला होता. पण मी आखलेली रेघ डोळ्यांसमोर ठेवून पत्रा मोडणारा माणूस. सूचना वाचायच्या त्या विद्यार्थ्यांनी. मी ड्रायव्हरच्या केबिनची एक बाजू घेतली, दोन पोलादी पट्ट्यांमध्ये धरली आणि झटक्यात वळवली. उलटी. चूक लक्षात आली म्हणून सरळ करायला गेलो, आणि त्या रेघेवर पत्रा निमूटपणे दोन तुकडे होऊन माझ्या हातात आला. निम्म्या जाडीची ती रेघ एक घडी सोसते, दुसरी सोसत नाही.

मी दिवा बंद केला आणि आत जाऊन झोपलो. दहा दिवस पडवीत फिरकलो नाही. हिने तेवढ्यात टेबलावर वाळवणाचं सूप ठेवून पाहिलं. मी काहीच बोललो नाही, तेव्हा ती म्हणाली, “मुलांनी काम बिघडवलं की तुम्ही त्यांना काय सांगत होता?”

मी सांगत असे, बिघडलेला तुकडा फेकू नका, तो का बिघडला ते बघा. दुसऱ्याला सांगायला हे वाक्य फार चांगलं आहे.

परत बसलो. दोन तुकडे जुळवून मागून चौकटीची एक पट्टी डाखली. बाहेरून रेघ दिसत नाही. मला दिसते. मग सूचनांचे सगळे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत, विद्यार्थ्यासारखे, पेन्सिलीने खुणा करत वाचले.

खरं सांगतो, या कामात कात्री चालवायची नसल्यामुळे हात मोकळा असतो आणि डोक्यावर भार येतो. सगळा प्रश्न क्रमाचा. छत आधी लावलं तर आतून डाग द्यायला जागा राहत नाही. कठडे आधी लावले तर पुढच्या कामात हाताला लागून वाकतात. जास्त उष्णतेला वितळणारं कथील आधी वापरायचं, कमी उष्णतेचं नंतर, म्हणजे नवा डाग देताना जुना सुटत नाही. प्रत्येक भाग चौकटीतून सोडवताना दांडी कापायची, तिचा उरलेला कोंब कानशीने घासायचा, आणि तोवर दुसरा भाग चौकटीतच राहू द्यायचा. आधीच सगळे सोडवून वाटीत ठेवले, तर नंतर कुठली पायरी कुठल्या दाराची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि डाग देणं. लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भाता लावायचा, पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्यासरशी कथील पातेल्याच्या अंगभर चांदण्यासारखं पळायचं. दादा आणि मी उकिडवे बसून तासन्‌तास बघत असू. नवसागर कशाला, असं दादाने एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, “मळ असेल तिथे कथील बसत नाही, बाळा.” सत्तरीला टेकल्यावर मला त्या वाक्याची किंमत कळली. जागा स्वच्छ घासलेली असेल आणि फ्लक्सचा थेंब पडलेला असेल, तर कथील आपणहून सांध्यात धावतं. नसेल, तर गोळी होऊन वर बसतं आणि आपण जास्त तापवत राहतो. नव्वद टक्के डाग उष्णता कमी पडली म्हणून बिघडत नाहीत, मळामुळे बिघडतात. रात्री काम संपलं की ब्रशाने आणि भांड्यांच्या पावडरीने सगळं धुवायचं, हाही नेम. आपल्या खाऱ्या हवेत फ्लक्स राहिला तर सकाळी हिरवं झालंच.

मापांचीही एक गंमत सांगतो. आपल्याकडच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागलं तर सव्वाएकोणीस येतं. पण बाजारात या प्रमाणाचे तयार रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे, कारण युरोप-अमेरिकेतला रूळ आपल्यापेक्षा अरुंद. तिकडच्या रुळांवर आपलं इंजिन ठेवलं, की धोतर नेसलेल्या माणसाने पाय जुळवून उभं राहावं तसं दिसतं. पुतण्याला विचारून मी ठरवलं की मोटर बसवायचीच नाही. इंजिन आपणहून चालणार नाही, ढकललं की घरंगळेल. पण पाय हवे तेवढे फाकवून उभं राहील. माझा एक जुना विद्यार्थी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथ चालवतो. त्याने सहा आस मापाने कातून दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. “सर, तुम्ही मला नरसाळं चार वेळा परत करायला लावलं होतंत,” म्हणाला. तो सूड होता की कृतज्ञता, हे मी विचारलं नाही.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला. तिथे गावं, डोंगर, पूल आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या पाहताना पोरं काचेला नाक लावून उभी असतात, आणि त्यांच्यामागे त्यांचे बाप. ते पाहून आल्यावर मी हिशोब केला. आपली कोकण रेल्वे याच प्रमाणात मांडायची तर काय लागेल? रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच. तो होईल पाऊण मीटरला जरा कमी, आणि लांबी जवळजवळ पाच मीटर. म्हणजे आमचा अख्खा हॉल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो होईल पंचाहत्तर मीटरचा, म्हणजे आमच्या फाटकापासून वाण्याच्या दुकानाच्याही पुढे. कोकण रेल्वेचं तीव्रातलं तीव्र वळणही सव्वा किलोमीटर त्रिज्येचं आहे. तेवढं वळण घ्यायला शेजाऱ्यांची बाग विकत घ्यावी लागेल. मी हातभर रूळ केला आणि थांबलो.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला.

दादाच्या नोकरीबद्दल मला कधी कुतूहल नव्हतं. मी हाताने वस्तू घडवणारा, तो हँडल ओढणारा, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. तो सणाला कधी वेळेवर आला नाही याचा रागही होता. गणपतीत आरतीला तो नसायचा आणि भल्या पहाटे डब्याची पिशवी घेऊन उगवायचा. आम्ही डब्याला बोगी म्हटलं की तो चिडायचा. “बोगी म्हणजे खालचा चाकांचा गाडा रे, वर असतो तो डबा.” आम्ही हसायचो आणि पुन्हा बोगीच म्हणायचो.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळली, गाडी रुळांवरून घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या आठवड्यात दादा ड्यूटीवर त्याच मार्गाने जात-येत होता. एका सकाळी परतला आणि पडवीत पायरीवर बसून राहिला. मी बाजारात निघालो होतो. मी विचारलं, “चहा घेणार?” तो “घेतो” म्हणाला. मी आत सांगितलं आणि गेलो. बस, एवढंच. वीस वर्षं मला त्यात काही चुकलं असं वाटलं नव्हतं.

मग हे इंजिन करताना एक रात्र आली. केबिन जागेवर बसली होती, छत अजून लावलेलं नव्हतं. हे इंजिन एका टोकाला आखूड असतं आणि दुसऱ्या टोकाला लांब. मध्ये केबिन. आखूड बाजू पुढे असली की ड्रायव्हरला समोरचं बरं दिसतं. पण इंजिन फिरवायची सोय नसली की लांब बाजू पुढे ठेवून जावं लागतं. रेल्वेतली माणसं त्याला लाँग हूड म्हणतात. मी वाकलो आणि एक डोळा मिटून केबिनच्या आतून, ड्रायव्हर बसतो तिथून, खिडकीबाहेर पाहिलं. समोर फक्त पत्रा. खऱ्या मापाने दहा मीटरहून लांब यंत्रघर. त्याच्या कडेने बोटभर फट. त्या फटीतून रूळ, सिग्नल आणि पुढे जे काय असेल ते.

मी दिवा जरा लांब सरकवला. अंधार, पाऊस आणि कटिंगमधून जाणारी गाडी मनात आणून पाहिली. मागे झोपलेली हजारभर माणसं. आणि हा माणूस त्या फटीतून बघत रत्नागिरीपर्यंत आलेला. मग त्याला कुणीतरी विचारतं, चहा घेणार?

त्या रात्री मी पुढे काम केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जमेल तसं दादाजवळ जाऊन बसू लागलो. बोलणं एकतर्फीच. मी पत्र्याचा भाग दाखवायचा आणि विचारायचं, हे काय? त्याने डाव्या हाताने कुठेतरी बोट दाखवायचं. चाकं डिझेल इंजिनाने थेट फिरत नाहीत, डिझेल फक्त वीज तयार करतं आणि प्रत्येक आसावरची मोटर त्या विजेवर फिरते, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. शेजारी राहून. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही आलात की ते दुपारी झोपत नाहीत. वाट बघतात.”

२०२५ च्या गणपतीआधी रंग सोडून इंजिन पूर्ण झालं. दारं, झडपा, छतावरचा मोठा पंखा, ०.४ मिलिमीटर तारेचे कठडे. मी ते पाटावर ठेवून दादाकडे नेलं. पुतण्याही आला होता. दादाने बराच वेळ काही केलं नाही. मग डावा हात पुढे केला आणि केबिनच्या खिडकीवर बोट ठेवलं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल.

तो बोलला. बोट खिडकीवरून खाली चाकांवर आणलं आणि दोनदा ठोकलं.

“उ…लटं.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुतण्याने मोबाइलवर फोटो काढून ताडून बघितला. या इंजिनाच्या बोगीत तीन आस असतात, पण त्यांच्यातली अंतरं सारखी नसतात. दोन आस जवळ, तिसरा थोडा लांब. मी एका बोगीच्या दोन्ही बाजू उलट्या लावल्या होत्या. तीन-तीन थर एकावर एक डाखून केलेलं, या सगळ्या कामातलं सर्वांत चिवट काम. आणि ते उलटं. आराखडा काढणाऱ्या पुतण्याच्या नजरेतून सुटलं, माझ्या नजरेतून सुटलं. ज्याने आयुष्यभर प्रत्येक फेरीआधी त्या चाकांना दिवा लावून फेरी मारली, त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

गणपती होऊन गेल्यावर मी ते सोडवायला बसलो. डाखलेल्या कामाचं हे मोठं सुख आहे. पुन्हा ताप द्या, कथील पुन्हा पाणी होतं आणि भाग सुटतो. मात्र शेजारचे सांधे सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओला कापूस ठेवावा लागतो आणि घाई चालत नाही. दादाची खुर्ची आम्ही पडवीत आणली. कापूस वाळला की तो टेबलावर बोट ठोकायचा, मी पाणी सोडायचो. चार संध्याकाळी लागल्या. तो बरा झाला, असं मी सांगणार नाही. उजवा हात अजून तसाच आहे, शब्दही मोजकेच आहेत. पण त्या चार संध्याकाळी आम्ही दोघांनी एक काम केलं. कल्हईवाल्यापुढे उकिडवे बसायचो, त्यानंतर पहिल्यांदाच.

कामात असताना मधून गाडी जाते. पूर्वी रात्री घाट चढणाऱ्या डिझेलची धडधड आमच्या भिंतींना कळायची. २० जून २०२२ रोजी कोकण रेल्वेच्या पूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं आणि रत्नागिरी, मडगाव, उडुपीहून विजेवरच्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवण्यात आला. ते चांगलंच झालं. लांब बोगद्यांत डिझेलचा धूर कोंडायचा, हवा खेळती ठेवायला यंत्रणा लावावी लागायची. वीज तेव्हाही होती, इंजिनाच्या पोटात. आता ती वरच्या तारेतून येते. आवाज मात्र गेला. आता हॉर्न ऐकू येतो, मग चाकं आणि मग शांतता.

तुमच्यापैकी कुणाला हा छंद करून पाहावासा वाटला, तर एकदम इंजिनाला हात घालू नका. छोटी मालगाडीची वाघीण घ्या. चाळीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, दोन पोलादी पट्ट्या, बारीक कानशी आणि चांगला उजेड एवढं सुरुवातीला पुरतं. खिडकी उघडी ठेवा, फ्लक्सचा धूर नाकात जाऊ देऊ नका. शिशाचं कथील हाताळलं की हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आणि सूचना वाचा. हे मी मास्तर म्हणून सांगत नाही.

जाता जाता शेवटची गोष्ट. सगळे भाग काढून घेतल्यावर दोन पत्र्यांच्या नुसत्या चौकटी उरल्या होत्या. दारांची भोकं, खिडक्यांची भोकं, पायऱ्यांची भोकं. मी भंगारात टाकणार होतो. वहिनींनी एक मागून घेतली. या दिवाळीला सकाळी बघतो तर त्यांच्या दारात रांगोळी. पत्र्याच्या छाप्यातून पांढऱ्या रेघांत उमटलेली इंजिनाची दारं, झडपा, खिडक्या, आणि कडेला हळदीकुंकू. आम्ही सगळे बघायला जमलो. दादालाही खुर्चीसकट दारात आणलं. त्याने मान वाकडी करून पाहिलं. इंजिनाच्या बाजूवरचा आकडा पत्र्यातच कोरलेला होता, आणि वहिनींनी छापा पालथा ठेवला होता.

दादा हसला आणि म्हणाला, “उलटं.”

या वेळी शब्द न अडखळता आला.